काळ्या पडद्यावरचे आम्हालाही ऐकू द्या : नाशिकच्या पतसंस्थांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, संचालक आणि व्यवस्थापक,
नाशिक जिल्ह्यातील सहकारी पतसंस्था व बँका;
तसेच या संस्थांचे सॉफ्टवेअर लिहिणारे आणि सांभाळणारे प्रोग्रामर

विषय : काउंटरवरचे जुने, काळ्या पडद्याचे सॉफ्टवेअर स्क्रीन रीडरने वाचता येईल असे करून मिळण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी पंचवटीकडच्या एका पतसंस्थेत वरिष्ठ कारकून आहे. रेटिनायटिस पिगमेंटोसा या आजाराने माझी नजर टप्प्याटप्प्याने गेली. आज पडद्यावरचे मला काहीच दिसत नाही. कॉम्प्युटर मी कानाने वापरते. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो आणि मी कीबोर्डवरून काम करते. मेल, एक्सेलमधली व्याजाची पत्रके, थकबाकीदारांना जाणारी पत्रे, टीडीएसची माहिती, सगळे याच पद्धतीने होते. घोडे अडते एकाच ठिकाणी, आणि नेमके तिथेच संस्थेचे सगळे काम चालते : ठेवी आणि कर्जांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये.

हे सॉफ्टवेअर आपल्यापैकी पुष्कळांच्या ओळखीचे आहे. काळा नाहीतर निळा पडदा, दुहेरी रेघांच्या चौकटी, कोपऱ्यात पळणारे घड्याळ, तळाला एफ-१ ते एफ-१० ची पट्टी. क्लिपर किंवा फॉक्सप्रो या जुन्या प्रोग्रामिंग भाषांत कुणीतरी मन लावून लिहिलेले. निफाड-लासलगावकडे कांद्याच्या पट्टीचे पैसे जमा करायला रांग लागते तेव्हा असल्याच प्रोग्रामवर हात सटासट चालतात. माऊसला स्पर्श न करता व्हाउचर भरून होते, रोजकीर्द जुळते, तेरीज निघते. ते मोडीत काढा असे मी म्हणणार नाही. ते राहावे, आणि मला व माझ्यासारख्यांना वापरता यावे, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

हा विषय काढला की ठरलेले उत्तर येते : "ताई, नवीन सॉफ्टवेअर येणारच आहे, थोडे थांबा." हे उत्तर मनापासून दिले जाते हे मला माहीत आहे. पण नवीन सॉफ्टवेअर म्हणजे वापरता येणारे सॉफ्टवेअर, हे गृहीत धरू नका. चित्राची बटणे, नाव नसलेल्या चौकटी, लॉगिनला वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा, माऊसशिवाय न उघडणारी तारखेची खिडकी, असे नवे सॉफ्टवेअर आमच्यासाठी जुन्यापेक्षाही कठीण असते. शिवाय डेटा हलवणे, लेखापरीक्षकांचे समाधान होणे, सगळ्या शाखा जुळणे यात वर्षे जातात. तोवर माणूस रोज कामावर येतो आणि रिकामा बसतो. आमच्या जुन्या प्रोग्राममध्ये जे बदल लागतात ते चार-पाच सवयींचे आहेत. माहीतगार प्रोग्रामरला ते थोडक्यात करता येण्यासारखे आहेत.

खरे तर अक्षरांचा पडदा हा अंध माणसाला सगळ्यांत सोपा वाटायला हवा. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीचा व्हीटी-१०० टर्मिनल, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरला जोडायचा पडदा आणि कीबोर्ड, आला. त्यावर २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० घरे असत, प्रत्येक घरात एक अक्षर. विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीचा पडदाही जवळजवळ तसाच, २५ ओळींचा. ना चित्र, ना माऊस. त्या २००० घरांत कोणते अक्षर आहे हे कॉम्प्युटरच्या मेमरीत सरळ लिहिलेले असते आणि वाचणाऱ्या प्रोग्रामला ते थेट उचलता येते. म्हणूनच डॉसच्या काळात अंध माणसांनी कॉम्प्युटर चटकन आपलासा केला. टेड हेंटर या स्वतः दृष्टिहीन असलेल्या गृहस्थांच्या कंपनीचा 'जॉज' हा स्क्रीन रीडर १९८९ मध्ये आला तो डॉससाठीच. त्या लोकांना धास्ती होती ती चित्रांच्या विंडोजची. आता आपल्यापैकी मोठी मंडळी म्हणतात की विंडोजचे सगळे चालते आणि अक्षरांचेच चालत नाही. हे उलटे कसे झाले ते समजून घेतले की उपायही तिथेच सापडतो.

एक प्रत्यक्षातला प्रसंग सांगते, म्हणजे नेमके कुठे अडते ते कळेल.

मुख्य मेनू उघडतो. त्यात ठेवी, कर्जे, सभासद, भागभांडवल, पिग्मी, अहवाल, डे-एंड अशा ओळी आहेत. डोळस माणसाला त्यातली एक ओळ उजळलेली दिसते. खालचा बाण दाबला की उजेड खालच्या ओळीवर जातो. मी बाण दाबते तेव्हा स्क्रीन रीडर गप्प असतो. कारण पडद्यावरचे एकही अक्षर बदललेले नसते, बदललेला असतो फक्त रंग. आणि प्रोग्रामने कर्सर लपवून ठेवलेला असतो, त्यामुळे आपण कुठे आहोत हे सांगायला स्क्रीन रीडरकडे काहीच खूण उरत नाही. मग मी पाठांतर केले : पिग्मीसाठी चार वेळा खाली, एंटर, त्यात आवर्त ठेवीसाठी दोन वेळा. चालत होते. एका दिवशी देखभालीसाठी आलेल्या माणसाने मेनूच्या मध्येच एक नवी ओळ घातली. कुणाला सांगायची गरज वाटली नाही, कारण दिसणाऱ्याला ती दिसतच होती. माझे सगळे पाठांतर एका ओळीने सरकले. मी एंटर दाबल्यावर पुढच्या पडद्याचे शीर्षक ऐकू आले म्हणून कळले की आपण भलत्याच ठिकाणी आहोत. मेनूच्या शेवटाला डे-एंड असतो आणि डे-एंड चुकून झाला तर त्या दिवसाचा हिशोब बंद होतो, हे आपणास सांगायला नको. त्यानंतर साहेबांनी मला त्या प्रोग्रामवर बसू नका म्हणून सांगितले. माझ्या काळजीपोटीच सांगितले. पण काढायला हवी होती ती अडचण, आणि काम मात्र माझे काढले गेले.

इथून पुढचा भाग मुख्यतः प्रोग्रामर मंडळींसाठी आहे. संचालकांनीही तो वाचावा, म्हणजे उद्या "हे शक्य नाही" असे कुणी सांगितले तर काय विचारायचे ते हाताशी राहील.

मेनूचा उपाय एका ओळीचा आहे. जी ओळ उजळली आहे तिच्या पहिल्या अक्षरावर खरा कर्सर नेऊन ठेवा. लपवलेला असला तरी निदान जागेवर न्या. दिसता ठेवलात तर उत्तमच. कर्सर हलला की स्क्रीन रीडर त्या ओळीकडे जातो. लिनक्सवर एनकर्सेस ही अक्षरांचे पडदे काढणारी लायब्ररी वापरून लिहिलेल्या प्रोग्रामलाही हाच नियम लागू आहे : पडदा रंगवून झाल्यावर सगळ्यांत शेवटी कर्सर निवडलेल्या ओळीवर आणा. जोडीला प्रत्येक ओळीला कायमचा आकडा द्या आणि तो आकडा दाबल्यावर ती ओळ निवडली जाऊ द्या. नवी ओळ घालायची झाली तर शेवटचा आकडा तिला द्या, जुन्यांचे आकडे बदलू नका. याचा फायदा माझ्या शेजारी बसणाऱ्या डोळस सहकाऱ्यांनाही होतो, कारण तेही घाईत आकड्यांवरच चालतात.

मग फॉर्म. क्लिपर आणि फॉक्सप्रोमधला 'से-गेट'चा आदेश आपल्याला पाठ आहे : अमुक ओळीच्या अमुक घरात 'रक्कम' लिही आणि पुढे भरायला जागा दे. जागा वाचवण्यासाठी एकाच ओळीत खाते क्रमांक, नाव, तारीख असे तीन-तीन 'गेट' बसवलेले असतात. कर्सर दुसऱ्या जागेत गेला आणि मी ओळ वाचायला सांगितली की तिन्ही एका दमात ऐकू येतात. मी नेमकी कशात आहे ते कळत नाही. एका ओळीत एकच जागा, आणि तिचे नाव तिच्या लगेच डावीकडे, एवढे केले तरी फॉर्म ऐकून भरता येतो. पडद्याला दोन पाने झाली तरी चालतील. ब्रेल डिस्प्ले (पडद्यावरची ओळ उठावाच्या ठिपक्यांत दाखवणारे यंत्र) वापरणाऱ्यांनाही हे हवेच आहे; वीस घरांच्या डिस्प्लेवर ८० घरांची ओळ चार तुकड्यांत सरकवत वाचावी लागते.

चुकीचा संदेश हा सगळ्यांत जास्त त्रास देणारा भाग. मी खाते क्रमांक टाकते, 'टुक्' असा आवाज होतो, तळाच्या ओळीत लाल अक्षरांत काहीतरी येते आणि दोन सेकंदांत पुसले जाते. स्क्रीन रीडर तोपर्यंत आधीचे वाक्य बोलत असतो. खाते बंद आहे, की क्रमांक चुकला, की शिल्लक कमी आहे, मला कळायला मार्ग नाही. संदेश वेळेवर पुसू नका, कळ दाबेपर्यंत ठेवा. संदेश दिसत असताना कर्सर त्या ओळीवर न्या आणि कळ दाबली की परत जागेवर आणा. आणि रंगावर अर्थ सोपवू नका. उणे शिल्लक लाल आणि जमा शिल्लक पांढरी दाखवता, तिथे रकमेपुढे 'नावे' किंवा 'जमा' असे लिहा. कर्जखात्यावर या एका शब्दाने केवढा फरक पडतो ते आपण जाणता.

कोपऱ्यातल्या घड्याळाबद्दल माझी कळकळीची विनंती आहे : ते बंद करण्याची सोय द्या. एनव्हीडीए टर्मिनलमधला नवा मजकूर कसा ओळखतो, तर आधीचा पडदा आणि आताचा पडदा ताडून बघतो आणि जे बदलले ते बोलतो. दर सेकंदाला आकडा बदलणारे घड्याळ म्हणजे दर सेकंदाला कानात बडबड. तीच गोष्ट गोल फिरणाऱ्या रेघेची आणि सरकत जाणाऱ्या टक्केवारीची. त्याच कारणाने, प्रत्येक नोंदीनंतर अख्खा पडदा पुसून पुन्हा रंगवू नका. बदललेली ओळ तेवढी लिहा. दुहेरी रेघांच्या चौकटी काढता आल्या तर काढा, नाहीतर त्या बंद करणारी एक कळ ठेवा. 'साधा पडदा' नावाचा एक पर्याय सेटिंगमध्ये ठेवला की त्यात घड्याळ, चौकटी, रंग, वेळेवर पुसले जाणारे संदेश सगळे एकदम मिटते आणि बाकीच्यांचा पडदा जसाच्या तसा राहतो.

आता त्या अडचणीकडे येते जिने गेल्या काही काळात सगळ्यांत जास्त नुकसान केले आहे. १६ बिटांचे डॉस प्रोग्राम ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाहीत. विंडोज ११ तर ६४ बिटांतच येते, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे ठिकठिकाणी नवे कॉम्प्युटर आले आणि जुना प्रोग्राम डॉसबॉक्ससारख्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, बसवला गेला. दिसायला तोच पडदा, त्याच कळा. पण एम्युलेटर अक्षरे लिहीत नाही, तो अक्षरांचे चित्र काढतो. जुन्या ३२ बिटांच्या मशीनवर खिडकीत उघडलेला डॉस प्रोग्राम निदान अडखळत वाचता येत होता. एम्युलेटरमध्ये स्क्रीन रीडरला अख्खा पडदा कोरा दिसतो. चित्रातून अक्षरे ओळखण्याची सोय एनव्हीडीएमध्ये आहे, पण दर कळीमागे ती वापरून व्हाउचर भरता येत नाही. हा बदल झाला तेव्हा दृष्टिहीन कर्मचाऱ्याचे काम एका रात्रीत थांबले, आणि बदल करणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

क्लिपरचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, हाताशी असेल तर याला चांगला उपाय आहे. हार्बर नावाचा मोफत, मुक्त कंपायलर क्लिपरचा कोड बहुतांशी आहे तसा घेतो आणि आजच्या विंडोजवर चालणारा प्रोग्राम बनवतो. फक्त एक काळजी घ्या. हार्बरमध्ये पडद्यावर लिहिण्याचे काम वेगवेगळे ड्रायव्हर करतात. 'जीटीडब्ल्यूव्हीटी' स्वतःची खिडकी उघडून तिच्यात अक्षरे रंगवतो. 'जीटीविन' विंडोजच्या स्वतःच्या कन्सोलमध्ये (अक्षरांच्या साध्या खिडकीत) लिहितो, आणि कन्सोलमधले लिहिलेले एनव्हीडीए वाचतो. पहिला दिसायला नीटनेटका म्हणून निवडावासा वाटेल. कृपा करून दुसरा जोडा, किंवा निदान दोन्ही जोडून निवड वापरणाऱ्यावर सोडा.

फॉक्सप्रोच्या मंडळींचा मार्ग इतका सरळ नाही. पण खात्यांची माहिती साठवणाऱ्या डीबीएफ फाइल्स उघड्या स्वरूपाच्या आहेत आणि हार्बरला फॉक्सप्रोच्या सीडीएक्स इंडेक्सही वाचता येतात. तेव्हा पूर्ण प्रोग्राम नव्याने लिहिण्याआधी फक्त चौकशीपुरती एक छोटी खिडकी करून द्या : खाते क्रमांक टाकला की नाव, शिल्लक, शेवटचे काही व्यवहार, मुदत संपण्याची तारीख, एकाखाली एक. लिहिण्याचा अधिकार नको, फक्त वाचण्याचा. फोनवरच्या आणि काउंटरवरच्या चौकश्या एवढ्यावर मी पूर्ण सांभाळू शकते. अहवालांचेही असेच. डॉट मॅट्रिक्ससाठी काढलेला १३२ घरांचा अहवाल फाइलमध्ये उतरवला की त्यात प्रिंटरचे संकेत मिसळलेले असतात, दर पानाला शीर्षक पुन्हा येते आणि आकड्यांचे रकाने कानाला वेगळे करता येत नाहीत. तोच अहवाल सीएसव्हीमध्ये द्या. एक्सेलमध्ये मी रकान्याचे नाव ऐकत ऐकत एकेक घर तपासते आणि बेरजेतला फरक शोधते.

बऱ्याच शाखा मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरला रिमोट डेस्कटॉपने जोडलेल्या असतात. तिथेही शाखेतल्या कॉम्प्युटरकडे येते ते चित्रच. सर्व्हरवर एनव्हीडीए बसवून आवाज शाखेकडे आणता येतो, आणि एनव्हीडीएच्या २०२५.१ या आवृत्तीपासून दूरचा कॉम्प्युटर वापरण्याची सोय त्यात आतच आली आहे. सर्व्हर युनिक्स किंवा लिनक्सचा असेल तर आणखी सोपे : विंडोज १० पासून सोबत येणारा एसएसएच (दूरच्या सर्व्हरला सुरक्षित जोडणारा प्रोग्राम) वापरून साध्या कन्सोलमधूनच जोडणी करा. हे करायला सर्व्हरवाल्यांची परवानगी लागते आणि "बाहेरचे सॉफ्टवेअर चालणार नाही" असे उत्तर मिळते. म्हणून सांगते, एनव्हीडीए २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी सुरू केले. ते आणि त्यांचे सहकारी जेम्स टेह, दोघेही दृष्टिहीन. हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्याचा कोड कुणालाही तपासता येतो. सुरक्षेची काळजी रास्तच आहे. ती तपासून घ्या, आणि तपासल्यावर परवानगी द्या. ग्राहकाची शिल्लक चारचौघांत ऐकू जाऊ नये म्हणून मी हेडफोन वापरते.

एक गोष्ट मराठीची. आपल्याकडे अनेक संस्थांनी सभासदांची नावे मराठीत ठेवली, त्याचा मला अभिमान वाटतो. डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्राने ते शक्य केले आणि १९९१ मध्ये भारतीय लिपींसाठी 'इस्की' हे मानकही झाले. पण युनिकोडच्या (सगळ्या लिपींसाठीच्या आजच्या जागतिक मानकाच्या) आधीची ही नावे स्क्रीन रीडरला नावे म्हणून कळत नाहीत. 'कुलकर्णी' असेल तिथे युरोपातल्या कुठल्या तरी भाषेतली सुटी अक्षरे ऐकू येतात. इस्कीत साठवलेला मजकूर युनिकोडमध्ये नेणे फार अवघड नाही, कारण युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीवरच बेतलेली आहे. एखाद्या फॉन्टच्या खुणांत साठवलेला असेल तर त्या फॉन्टचा तक्ता करावा लागेल. काम किचकट, पण एकदाच करायचे. एनव्हीडीएसोबत येणारा ईस्पीक एनजी हा आवाज मराठी वाचतो. कन्सोलमध्ये जोडाक्षरे तुटकी दिसली म्हणून मराठी टाळू नका. खाली युनिकोड बरोबर असेल तर बऱ्याचदा कानाला शब्द बरोबरच येतो.

ज्यांना यापुढे जायची हौस आहे त्यांच्यासाठी टी. व्ही. रमण यांचे काम आहे. पुण्यात वाढलेल्या आणि लहान वयातच दृष्टी गेलेल्या या संगणकतज्ज्ञांनी १९९५ मध्ये ईमॅक्सपीक, म्हणजे ईमॅक्स या संपादकाला बोलते करणारे सॉफ्टवेअर, लोकांपुढे ठेवले. त्यामागचा विचार मला फार पटतो : पडदा वाचून अर्थ लावत बसण्यापेक्षा प्रोग्रामला जे आधीच माहीत आहे तेच त्याने बोलावे. आपल्या प्रोग्रामला माहीत असते की हा आकडा शिल्लक आहे आणि ही तारीख मुदतीची आहे. एनव्हीडीएकडे 'कंट्रोलर क्लायंट' नावाची छोटी लायब्ररी आहे. कोणताही प्रोग्राम तिला मजकूर देतो आणि एनव्हीडीए तो बोलते. एक एफ-कळ राखून ठेवा : दाबली की "शिल्लक इतकी, जमा" एवढेच बोलले जाईल. पडदा शोधत फिरायला नको.

संचालकांच्या मनात एक प्रश्न असतो, तो स्वच्छ बोललेला बरा : दृष्टिहीन बाई सही कशी तपासणार, नोटा कशा मोजणार? सही मी तपासणार नाही. ती पासिंग ऑफिसरने तपासायची, आजही तोच तपासतो. रोख मोजायला कॅशियर आहे. मी मागते आहे ती व्हाउचरची नोंद, ठेवींची चौकशी, व्याजाचा हिशोब, पिग्मीच्या याद्या, मुदत संपणाऱ्या ठेवीदारांना फोन. आणि नोटांचेच म्हणाल, तर नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून निघणाऱ्या नव्या मालिकेच्या नोटांच्या कडेला उठावाच्या रेघा आहेत. शंभराला चार, दोनशेला चार आणि मध्ये दोन गोल, पाचशेला पाच. बोट फिरवून नोट ओळखता यावी म्हणून नोटेचा आराखडा करतानाच कुणीतरी हा विचार केला. आमच्या शहरात छापलेली नोट मला बोटाने वाचता येते, आणि तीच नोट जमा झाल्याची नोंद मात्र वाचता येत नाही. हे मला खुपते.

कायद्याबद्दल थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. खासगी आस्थापनांच्या त्याच्या व्याख्येत सहकारी संस्थांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर करायचे आहे. भारतीय मानक आयएस १७८०२ हे माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचेच आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हे घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात बसते असे सांगितले. ते प्रकरण बँकांच्या केवायसीचे होते. मी कोर्टाची भीती घालायला बसलेली नाही. आपल्या सभेत कुणी "हे कुठे लिहिले आहे?" असे विचारले तर उत्तर असावे, म्हणून लिहिले.

आता करायचे काय. सोर्स कोड कुणाकडे आहे ते पहिले शोधा. अनेक ठिकाणी ज्याने प्रोग्राम लिहिला तो माणूस दुसऱ्या व्यवसायात गेला किंवा निवृत्त झाला, आणि संस्थेकडे फक्त चालणारी फाइल आहे. तो अजून फोन उचलतो आहे तोवर कोड लेखी करार करून ताब्यात घ्या. हे दृष्टिहीनांसाठीच नव्हे, संस्थेच्या स्वतःच्या सुरक्षिततेसाठीही लागेल. पुढच्या वार्षिक देखभाल कराराच्या वेळी त्यात एक कलम घाला : मेनू, फॉर्म, संदेश आणि अहवाल एनव्हीडीएने वापरता आले पाहिजेत, आणि कोणताही बदल बसवण्याआधी तसे तपासून दिले पाहिजे. नवे सॉफ्टवेअर घेणार असाल तर हेच कलम निविदेत घाला, आणि विक्रेता प्रात्यक्षिक दाखवायला येईल तेव्हा एखाद्या दृष्टिहीन कर्मचाऱ्याला त्या टेबलाशी बसवा. कर्मचारी नसेल तर सातपूरच्या नॅबला (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) विचारा, तिथे अशी तयारीची माणसे भेटतील.

प्रोग्रामर मित्रांनो, तुमच्यासाठी परीक्षा सोपी आहे. एनव्हीडीए उतरवून घ्या, मॉनिटर बंद करा, आणि एक बचत खाते उघडून त्यात रक्कम जमा करून पावती काढून दाखवा. जिथे अडाल तिथे कोडमध्ये खूण करा. आमच्या मागण्यांची यादी तुम्हाला तिथेच मिळेल, आणि माझ्या या पत्रात राहून गेलेलेही काही त्यात सापडेल.

मार्चअखेरच्या गडबडीत हे होणार नाही हे मी जाणते. लेखापरीक्षण आटोपले की सप्टेंबरअखेरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा होतात. त्याआधीच्या एखाद्या संचालक सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती. ज्या संस्थेला बदल करून पाहायचे असतील तिथे डे-एंडनंतर किंवा सुट्टीच्या दिवशी चाचणीच्या डेटावर बसून, काय ऐकू येते आणि काय येत नाही ते सांगायला मी तयार आहे. त्याचे पैसे नकोत. फक्त ज्याला कोड बदलता येतो तो माणूस त्या वेळी शेजारच्या खुर्चीत हवा.

कळावे,
आपली नम्र,
पंचवटी, नाशिक येथील एक दृष्टिहीन पतसंस्था कर्मचारी